मिळमिळीत माणसाची दाट यांगोना

इनोकेने बसची दोरी ओढली की घंटा वाजायची, पण दोरी ओढणाऱ्याला खरंच उतरायचं आहे असं ड्रायव्हरला काही वाटायचं नाही. त्यामुळे फिजीत, सुवा शहराच्या कडेला असलेल्या आमच्या नांदेऱ्यातला हा गृहस्थ अधूनमधून पुढच्या थांब्यावर उतरून मागे चालत घरी येई. कोणी हटकलंच तर म्हणे, "तेवढेच पाय मोकळे होतात." त्याला राग येत नसे असं नाही. यायचा, पण घशापर्यंत येऊन तिथेच बसायचा, आणि पुढे त्याचं काय व्हायचं ते त्याच्या पोटालाच ठाऊक.

पाणीखात्यात तो सीनियर क्लार्क होता. एकदा तापाने आठवडाभर अंथरुणावर होता. उठून कामावर गेला तर साहेब म्हणाले, "इनोके, काल तुम्हाला दिलेली फाइल कुठे आहे?" चर्चमध्ये एका रविवारी प्रवचनाची पाळी त्याच्यावर आली. चांगला अर्धा तास बोलला. बाहेर पडताना एका म्हातारीने पाद्रीबाबांना विचारलं, "आज प्रवचन का नाही झालं?" पाद्रीबाबांनी इनोकेकडे पाहिलं. इनोके म्हणाला, "हो ना, का बरं नाही झालं?"

त्याची बायको मेरेओनी कौतुकाने सांगायची, "आमचे हे म्हणजे मीठ घालायचं राहून गेलेलं कालवण. पोटाला बाधत नाही." हे कौतुक आहे की काय आहे, यावर इनोकेने बरीच वर्षं विचार केला होता.

अशा माणसाच्या मुलीला मागणी आली, आणि तीही कंदावू बेटावरून.

मुलगी उनाइसी. सुव्यात नर्सिंग शिकत होती, शेवटचं वर्ष बाकी होतं. मुलगा मनोआ कंदावूवर प्राथमिक शाळेत मास्तर. दोघांचं आधीच जमलेलं. आता मुलाचा काका, गावचा प्रमुख रातू इसिरेली, आपल्या माणसांना घेऊन बोटीने येणार आणि रीतसर तांबुआ पुढे करून मुलगी मागणार. तांबुआ म्हणजे दोरीत ओवलेला देवमाशाचा दात. तो मुलीकडच्यांनी हातात घेतला की शब्द दिला. त्यानंतर बोलणं नाही, पुस्ती नाही, "तेवढं एक राहिलंच" वगैरे तर नाहीच नाही.

उनाइसीने बापाला मागच्या पायरीवर गाठलं. तो नारळ खवत होता.

"ताता, एक काम आहे तुमच्याकडे. त्यांना लग्न ख्रिसमसच्या आत उरकायचंय. एकदा मी कंदावूला गेले की माझी परीक्षा बुडाली. तुम्ही एवढंच म्हणायचं, परीक्षा झाल्यावर लग्न. पण तांबुआ घ्यायच्या आधी म्हणायचं."

"मनोआ काय म्हणतो?"

"त्याला चालतंय. पण काकांपुढे त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही."

इनोकेला जावई एकदम आपलासा वाटला.

"ताता, एकच वाक्य आहे."

"हो हो. एकच तर आहे," इनोके म्हणाला, आणि खवणीला स्वतःचं बोट लावून बसला.

रातू इसिरेलीला त्याने एकदा एका लग्नात लांबून पाहिलं होतं. दारातून आत यायला त्यांना वाकावं लागलं होतं आणि वळावंही लागलं होतं. अशा माणसाला "नाही, अजून नाही" म्हणायचं होतं. ऑफिसात बसल्या बसल्या तो ते वाक्य मनात म्हणून बघायचा. मनातसुद्धा ते अर्ध्यावर थांबायचं.

शेवटी त्याने आपल्या जातीला शोभेल असा मार्ग काढला. तो चुलतभावाकडे, तानिएलादादाकडे गेला. आमच्याकडे अशा बैठकीत घरमालक स्वतः बोलत नसतो, त्याच्या वतीने एक जाणता माणूस बोलतो. तानिएलादादा या कामात मुरलेला. त्याचा आवाज असा की मयताच्या घरी तो बोलायला लागला की शेजारच्या गल्लीतले लोकही रडत.

"एक वाक्य ना? दहा सांगतो," तानिएलादादा म्हणाला. "तू फक्त यांगोनाचं बघ. दोन करवंट्या पोटात गेल्या की माझं बोलणं पिकतं." यांगोना म्हणजे मुळी कुटून पाण्यात कालवलेलं आमचं पेय; दारू नव्हे, पण जीभ बधिर करतं आणि माणसाला सैल सोडतं.

इनोके तरंगतच घरी आला. त्याच संध्याकाळी मेरेओनीचा भाऊ सायमोनी टॅक्सी दारात लावून आत आला. मेहुण्याने दाजींची टर उडवायची हा आमच्याकडे नुसता रिवाज नाही, कर्तव्य आहे, आणि सायमोनी कर्तव्यात कधी कसूर करत नसे.

"दाजी, कंदावूची माणसं येणार म्हणे. पाजणार काय त्यांना?"

"यांगोना. दुसरं काय पाजणार?"

"तुमची यांगोना?" सायमोनी ओसरीवर बसला. "दाजी, तुमची यांगोना प्यायली की माझी तहान भागते. यांगोनाचं ते काम नव्हे. पाणीखात्यातला माणूस, सरकारी माल घरी घेऊन येतो की काय असं वाटतं."

"पचायला हलकी असते."

"हलकी? तळाला पडलेलं नाणं दिसतं तिच्यातून. आणि येणार कोण, कंदावूवाले. यांगोनाची मुळी तिथली. लहानपणापासून चिखलासारखी दाट पिणारी माणसं ती. दोन वर्षांपूर्वी हेच रातू इसिरेली नावुआला एका घरी दुसऱ्या पुतण्याच्या बोलणीसाठी गेले होते. ऐकलंत का काय झालं?"

इनोकेला ऐकायचं नव्हतं. पण तसं सांगायला तो सायमोनीला घाबरत होता.

"पहिली करवंटी घेतली. खाली ठेवली. आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, 'आज ऊन फार आहे. पाणी बरं वाटलं.' बस्स. उठले, चपला घातल्या, गेले. लग्न मोडलं."

"असं गोड आवाजात?"

"अगदी गोड."

आरडाओरडा केला असता तर इनोकेला इतकी भीती वाटली नसती. गोड आवाज त्याच्या कानातून जाईना. रातू काय म्हणतील तेही त्याला दिसायला लागलं: ज्या घरची यांगोना अशी, त्या घरच्या माणसात काय दम असणार, आणि त्या माणसाच्या मुलीत तरी काय असणार. म्हणजे आपल्या मिळमिळीतपणापायी पोरीचं लग्न मोडणार. आणि यांगोना जमली पण वाक्य चुकलं, तर पोरीची परीक्षा जाणार. वाक्य तर दादाच्या गळ्यात टाकून झालं होतं. राहता राहिली यांगोना. आयुष्यात एकदा तरी कडक काहीतरी करायचं, असं इनोकेने ठरवलं.

पहिला सल्ला पलीकडच्या घरातल्या रामसमुझचा. हा पिढ्यान्‌पिढ्या फिजीत मुरलेला माणूस, आणि यांगोनाच्या बाबतीत तर आमच्यापेक्षा जास्त मुरलेला.

"इनोकेभाई, बाजारातली पूड घ्यायची नाही. खोडं कुटलेली असतात. मुळी आणायची, बारीक, केसाळ. पाच वर्षं जमिनीत राहिलेली. चावून बघायची. जीभ मेली पाहिजे."

"जीभ मेली हे कळणार कसं?"

"बायकोला हाक मारायची. तिने 'काय?' म्हणून पुन्हा विचारलं तर मेली."

इनोकेची हाक मेरेओनीला जीभ जिवंत असतानाही ऐकू जात नसे, पण त्याने ते बोलून दाखवलं नाही.

सायमोनी म्हणाला, कंदावूच्या पाहुण्यांना कंदावूचीच मुळी. पाद्रीबाबा म्हणाले, देवावर भार टाका, पण मुळी चांगली बघून घ्या. ऑफिसातले साहेब म्हणाले, "अरे, तुम्हाला मुलगी आहे?" शेवटी बोटीवरच्या एका ओळखीच्याकडून कंदावूची मुळी मागवली. बोट तीन दिवस उशिरा आली. पोतं उतरलं ते ओलं. ते पत्र्यावर वाळत घातलं तर रामसमुझच्या बकरीने त्यातली मूठभर मुळी खाल्ली आणि ती दुपारभर भिंतीला टेकून अत्यंत समाधानाने बसून राहिली. रामसमुझने तिच्याकडे पाहून सांगितलं, "माल खरा आहे."

मग मांडवाचा घोळ झाला. पाहुणे पंधरावीस येणार, आणि घर एवढंसं. पुढच्या अंगणात पत्र्याची आणि ताडपत्रीची शेड घालायची, तर एक खांब रस्त्याच्या हद्दीत येत होता. त्याला परवानगी लागते. इनोके त्या कचेरीत गेला. जाळीमागच्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "लग्न की मयत?"

"मागणीची बैठक आहे."

"लग्नात मोडतं. महिनाभर आधी अर्ज."

"पण पाहुणे शनिवारी..."

"मयत असेल तर आज देता येईल. मयताला कोणी महिनाभर थांबा म्हणत नाही."

इथे दुसरा कोणी असता तर भांडला असता. निदान साहेबांना भेटतो म्हणाला असता. इनोकेच्या मागे सात-आठ माणसं रांगेत उभी होती आणि त्यांच्यातला एक जण नुकताच खाकरला होता. इनोके म्हणाला, "बरं."

"नाव?"

"इनोके."

बाईंनी लिहिलं, शिक्का मारला, आणि कागद खांबावर दिसेल असा लावायचा म्हणून बजावलं. इनोकेने घरी येऊन आज्ञाधारकपणे तो खांबाला लावला. वाचला मात्र नाही. शिक्का बघून त्याला इतकं सुटल्यासारखं झालं होतं की वाचायचं सुचलंच नाही.

त्यावर मयताच्या रकान्यात त्याचंच नाव होतं.

शुक्रवारी सकाळी चर्चमधल्या दोन बायका काळे कपडे घालून, मयताच्या घरी द्यायची म्हणून काखेत एक नवी चटई घेऊन आल्या आणि शेडमध्ये बसल्या. इनोके शेडच्या मागे ताडपत्रीची दोरी ताणत होता. मेरेओनी बाजारात गेली होती. तो पुढे येणार, तेवढ्यात त्याच्या कानावर स्वतःचं नाव पडलं आणि तो जागीच थांबला.

"इनोके गेले. चांगले होते."

"हो. चांगले होते."

एकीने चटईची सुरळी सारखी केली.

"स्वभाव शांत."

"शांत म्हणजे शांतच."

एकीने सुस्कारा टाकला.

"रविवारी दोन शब्द बोलायला लागतील त्यांच्याबद्दल. काय बरं सांगायचं?"

"तेच आठवतेय मी. काय आवडायचं त्यांना?"

"आवडायचं नाही असं काही नव्हतं."

"कशावर चिडायचे?"

"छे. चिडतील कशाला?"

"मग असं कर," दुसरी शेवटी म्हणाली, "बायको चांगली होती, ते सांगू."

इनोके दोरी धरून तसाच उभा राहिला. त्याला रडू येत होतं आणि घाबरायलाही होत होतं, दोन्ही एकदम. रातू इसिरेलीची भीती होतीच, पण ही भीती वेगळीच होती. आपण खरंच गेलो तर मागे सांगायला एक वाक्यसुद्धा नाही. आणि जे एक वाक्य आपल्या वाट्याला आलं होतं, तेही आपण दादाच्या गळ्यात टाकून आलो.

मेरेओनी बाजारातून आली, खांबावरचा कागद तिने वाचला, आणि पुढचा काही वेळ ती जे बोलली ते त्या दोन बायकांनी नंतर चर्चमध्ये खालच्या आवाजात सांगितलं. कागद निघाला. पण तोवर रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्या निम्म्या नांदेऱ्याने तो वाचला होता, आणि नांदेऱ्यातली बातमी सुव्याच्या धक्क्यापर्यंत जायला बस लागत नाही. चटई मात्र बायकांनी परत नेली नाही. म्हणाल्या, कधीतरी लागेलच.

दुपारी मुळी कुटून झाली आणि चव बघायला तिघे बसले: इनोके, सायमोनी आणि रामसमुझ. किती पाण्याला किती पूड, हे आजच पक्कं करायचं, म्हणजे उद्या घोळ नको. कापडात पूड बांधून इनोकेने ती पाण्यात मळली, करवंटी भरली, रीतीप्रमाणे टाळी वाजवली आणि घेतली. जीभ झिणझिणली.

"कशी आहे?" सायमोनीने विचारलं.

"कडक आहे."

"दाजी, तुम्हाला दूधसुद्धा कडक लागतं. आणा इकडे." त्याने घेतली. "बरी आहे. अजून दोन मुठी टाका."

दोन मुठी टाकल्या. पुन्हा एक फेरी झाली. आता इनोकेने करवंटी तोंडाला लावली तर त्याला काहीच लागलं नाही. ना कडू, ना तुरट. ओठांवरून काहीतरी ओलं गेलं, एवढंच.

"ही तर पाण्यासारखी लागतेय."

रामसमुझने घेतली, डोळे मिटले, वाट पाहिली. "काही कळत नाही. फिकी आहे."

"मी म्हणत नव्हतो?" सायमोनी म्हणाला. "आणखी टाका."

आणखी टाकली. पुन्हा घेतली. आणखीच फिकी. जसजशी पूड पडत गेली तसतशी यांगोना बेचव होत गेली, आणि इनोके घामाघूम झाला. कंदावूची अस्सल मुळी, बकरी बसवणारी मुळी, आणि तीसुद्धा आपल्या हातात आली की मिळमिळीत होते, म्हणजे दोष मुळीचा नाही, हाताचा आहे. जिभा पहिल्याच फेरीत मेल्या होत्या, आणि मेलेल्या जिभेला काहीही दिलं तरी ते पाणीच लागणार, हे त्या तिघांपैकी एकालाही सुचलं नाही. यांगोना पिणाऱ्याला या गोष्टी प्यायच्या आधीच सुचतात.

शेवटी तानोआत, म्हणजे त्या लाकडी परातीत, हात बुडवून वर काढला की बोटं दिसेनाशी व्हायला लागली, तेव्हा सायमोनी अगदी हळूहळू म्हणाला, "असू... दे. हेच... माप." तो टॅक्सी तिथेच सोडून चालत गेला. रामसमुझला त्याची बायको येऊन घेऊन गेली, बकरीच्या शेजारून.

शनिवारी पाहुणे आले. रातू इसिरेली वाकून आणि वळून मांडवात शिरले. त्यांनी इनोकेकडे पाहिलं, मग पुन्हा पाहिलं, बराच वेळ पाहिलं. इनोकेने मान खाली घातली. मागे मनोआ पांढरा शर्ट घालून आणि काळा सुलू, म्हणजे आमची लुंगी, नेसून बसला होता, आणि त्याचा रंग शर्टासारखा झाला होता.

मुलीच्या बापाने तानोआजवळ बसून स्वतः यांगोना कालवायची नसते. ते काम पोरांचं. पण इनोकेला पोरांची खात्री नव्हती. नेहमीच्या हाताने त्यांनी नेहमीची केली तर? तो स्वतःच बसला. कंदावूवाले एकमेकांकडे बघायला लागले. तानिएलादादाने डोळे वटारले. मेरेओनीने स्वयंपाकघराच्या दारात कपाळाला हात लावला. इनोकेने कालचं माप मोजलं आणि मळायला घेतलं. आमच्या घरांतून कालवणाऱ्याची करवंटी सगळ्या फेऱ्या संपल्यावर, अगदी शेवटी असते. त्यामुळे त्याच्या पोटात भीतीशिवाय दुसरं काही गेलं नाही.

पहिली करवंटी रातूंना. त्यांनी एक टाळी वाजवली, करवंटी दोन्ही हातांनी घेतली आणि एका दमात संपवली. खाली ठेवली. इनोके "आज ऊन फार आहे" हे शब्द ऐकायची वाट बघत होता. बाहेर ऊन होतंही. रातूंनी रीतीच्या तीन टाळ्या वाजवल्या. आणि काहीच बोलले नाहीत.

हे जास्त वाईट, असं इनोकेला वाटलं.

दुसरी करवंटी त्यांच्या वतीने बोलणाऱ्याला, तिसरी तानिएलादादाला, मग क्रमाने सगळ्यांना. फेरी झाली, दुसरी झाली. तानिएलादादाने बोलणं पिकायला म्हणून एक जास्तीची मागून घेतली. हळूहळू मांडवातला आवाज खाली बसायला लागला. विनोद सांगणारा मध्येच थांबला आणि पुढचं कोणी विचारलं नाही. सायमोनी भिंतीला टेकून हसत होता, कशाला ते त्यालाही माहीत नव्हतं. सगळ्यांचे चेहरे सैल आणि मवाळ झाले. दम असलेली, आवाज असलेली, चिखलासारखी दाट पिणारी ती सगळी माणसं इनोकेसारखी दिसायला लागली.

तेव्हा कंदावूचा बोलणारा तांबुआ घेऊन सरकत पुढे आला. उठता येत नसावं. "आम्ही..." तो म्हणाला. बराच वेळ गेला. "मुलगी..." पुन्हा बराच वेळ गेला. "ख्रिसमसच्या... आधी." आणि त्याने तांबुआ पुढे धरला.

सगळ्यांनी तानिएलादादाकडे पाहिलं. इनोकेनेही पाहिलं. दादाने तोंड उघडलं. ज्या आवाजाने गल्ल्या रडत, त्या आवाजाऐवजी आतून "म्म" असं काहीतरी आलं. दादाने तोंड मिटलं, प्रेमाने हसला, आणि तांबुआ घ्यायला दोन्ही हात पुढे केले.

दादाचे हात अगदी सावकाश जात होते, पण जात होते. दारात उनाइसी उभी होती, हातात दालोच्या उकडलेल्या कंदांचं ताट. तिने बापाकडे पाहिलं नाही. तिने डोळे मिटून घेतले होते, आणि ते बघून इनोकेला जी भीती वाटली तिच्यापुढे रातू इसिरेलीही काही नव्हते.

"थांबा, दादा," तो म्हणाला.

आवाज नेहमीचाच होता. बसच्या ड्रायव्हरला ऐकू जात नाही तो. पण मांडवात दुसरा आवाजच नव्हता.

"रातू, एक सांगायचं आहे. मुलीची परीक्षा पुढच्या वर्षी आहे. ती झाल्यावर लग्न. त्याच्या आधी नाही." वाक्य संपलं होतं. पोरीने सांगितलेलं तेवढंच होतं. "हे तिचं म्हणणं आहे," तो म्हणाला, आणि मग, "माझंही."

रातू इसिरेलींनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. किती वेळ गेला कोण जाणे, इनोकेला तरी आपले केस पिकल्यासारखं वाटलं. मग रातूंची मान हळूहळू खाली आली आणि छातीला टेकली.

होकार होता की झोप, हे मांडवात कोणालाच कळलं नाही. पण मागून, गोष्ट मान्य झाल्यावर वाजवतात तशा, तीन टाळ्या वाजल्या. मनोआने वाजवल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्याने काकांच्या आधी काहीतरी केलं होतं, आणि तो स्वतःच्या हातांकडे घाबरून बघत होता. मग सायमोनीने वाजवल्या, मग एकेकाने. दादाने तांबुआ घेतला. थोड्या वेळाने सगळा मांडव चटयांवर आडवा झाला, मयताच्या नव्या चटईसकट.

इनोकेला झोप आली नाही. जे झालं ते रातूंच्या झोपेत झालं असेल, तर ते झालंच नाही. सकाळी रातू उठून बसले, त्यांनी तोंड धुतलं, चहा घेतला. मग सगळ्यांच्या देखत विचारलं, आणि आवाज अगदी गोड होता, "काल मी कशाला मान डोलावली?"

कंदावूच्या बोलणाऱ्याला आठवत नव्हतं. तानिएलादादाला आठवत नव्हतं, की आठवायचं नव्हतं. मनोआने ओठ हलवले आणि मिटले. इनोकेकडे कोणी बघतही नव्हतं. गप्प बसला असता तर कोणाच्या लक्षातही आलं नसतं, आणि गप्प बसण्यात त्याचा हात धरणारा नांदेऱ्यात दुसरा कोणी नव्हता. तो बसल्या जागेवरूनच बोलला.

"मुलीची परीक्षा झाल्यावर लग्न. त्याला मान डोलावलीत."

"मी?"

"तुम्ही. आणि डोलावली नसती तरी माझं म्हणणं तेच होतं."

कोणी चहाचा कपसुद्धा खाली ठेवेना. रातू इसिरेली त्याच्याकडे बघत राहिले, कालच्यासारखेच, बराच वेळ.

"परवा धक्क्यावर उतरलो," ते म्हणाले, "तेव्हा कोणीतरी सांगितलं, मुलीचा बाप गेला म्हणून. परत जाणार होतो. म्हटलं, निदान घरच्यांना भेटून जावं. इथे आलो तर तुम्ही समोर बसलेले. काल दिवसभर बघत होतो, पण खात्री होईना." त्यांनी चहाचा घोट घेतला. "आता झाली. होऊ दे परीक्षा."

दारामागे ताट पडल्याचा आवाज आला. मेरेओनी कोणाला तरी "अगं हळू" म्हणाली, पण तिचाच आवाज फुटला होता.

"निघायच्या आधी एक करवंटी घेऊ," रातू म्हणाले. त्यांनी पाय लांब केले, ते अजून नीट हलत नव्हते. मग ते इनोकेकडे वाकले आणि, जसं काही ही गोष्ट त्या दोघांतच राहायला हवी, तसं हळूच म्हणाले, "आज तुमच्या नेहमीच्या हातची करा. पातळ."

इनोकेने तानोआ पुढे ओढली आणि भरपूर पाणी ओतलं.